गारठलेल्या खोलीत बेयर्डेड ड्रॅगनची पेटी उबदार कशी ठेवावी

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे तर त्याहूनही खाली जातो. आपण स्वेटर चढवतो, आल्याचा चहा टाकतो, पांघरुणात आणखी अर्धा तास लोळतो. काचेच्या पेटीत बसलेल्या बेयर्डेड ड्रॅगनला, म्हणजे या पाळीव सरड्याला, यातलं काहीच जमत नाही. त्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नसल्यामुळे भोवतालच्या हवेइतकंच त्याचं अंगही गार पडतं. अंग गार पडलं की पचन थांबतं आणि रोगाशी लढण्याची ताकदही खालावते. त्यामुळे हिवाळ्यातली ऊब ही त्याच्या खाण्यापिण्याइतकीच रोजची गरज आहे.

माझ्याकडून पहिल्याच हिवाळ्यात मोठी चूक झाली. पेटीच्या काचेवर वरच्या बाजूला एक गोल, काट्याचा थर्मामीटर चिकटवला होता. तो ३० अंश दाखवायचा आणि मी निर्धास्त असायचो. प्राणी मात्र तळाशी असायचा आणि पहाटे तळाशी १५ अंश होते. रात्री आठला खाऊ घातलेले रातकिडे त्याच्या पोटात तसेच पडून राहिले. चार दिवस विष्ठा नाही, डोळे अर्धे मिटलेले, उचललं तर अंग दगडासारखं गार. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "तो झोपतो त्या जागेचं तापमान किती?" मला सांगता आलं नाही. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच लिहितो आहे.

आधी कायद्याबद्दल थोडं. घोरपड, भारतीय अजगर, चांदणी कासव हे आपल्याकडचे वन्य प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. ते घरी पाळणं गुन्हा आहे, मग पेटी कितीही उबदार असो. बॉल पायथन या छोट्या अजगरासारख्या, साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले.

आधी मोजा, मग खरेदी करा

बल्ब विकत घेण्याआधी तीन रात्री द्या. ज्या खोलीत पेटी ठेवायची आहे तिथे, पेटीच्याच उंचीवर, कमाल-किमान नोंद ठेवणारा डिजिटल थर्मामीटर ठेवा. सगळ्यात कमी आकडा बहुधा पहाटे पाच ते सातच्या दरम्यान येतो. तोच आपल्या कामाचा. संध्याकाळी सातला खोली २२ अंशांवर असते म्हणून समाधान मानू नका. गच्चीखालची खोली आणि उत्तरेकडच्या भिंतीची खोली या दोन्ही पहाटे अनपेक्षितपणे गार होतात.

आता प्राण्याला काय लागतं ते बघू. बेयर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. त्याला ऊन खायला बसण्याची एक जागा लागते आणि तिथल्या दगडाचा किंवा लाकडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश असावा. पेटीच्या दुसऱ्या टोकाला २२ ते २६ अंश. या दोन टोकांमध्ये फिरून तो स्वतःचं तापमान ठरवतो. म्हणून पूर्ण पेटी सारखीच तापवणं चूक. रात्री १८ ते २० अंश पुरतात, थोडं गार झालेलं त्याला चालतं. बॉल पायथनला मात्र रात्रीही २४ च्या खाली जाऊ देऊ नये. त्याची उबदार बाजू ३१-३२ आणि गार बाजू २४ ते २६ अंश लागते. कॉर्न स्नेक हा साप त्यामानाने सोशिक. त्याला उबेची जागा २८ ते ३० अंश मिळाली आणि रात्री २० च्या आसपास राहिलं की तो खूश असतो.

मोजण्यासाठी दोन वस्तू हव्यात. हवेसाठी प्रोब (वायरीच्या टोकाचा, तापमान मोजणारा भाग) असलेला डिजिटल थर्मामीटर आणि पृष्ठभागासाठी बंदुकीच्या आकाराचा इन्फ्रारेड थर्मामीटर. कोविडच्या काळात घरोघरी आलेला कपाळाचा थर्मामीटर इथे वापरू नका. तो माणसाच्या ताप मोजण्यापुरता बेतलेला असतो, दगडावर रोखला तर चुकीचा आकडा देतो.

ऊब वाढवण्याआधी गळती थांबवा

पेटी गार पडली की बहुतेक जण मोठा बल्ब आणतात. मीही आणला होता. त्याने दिव्याखालचा दगड भाजून निघाला आणि गार टोक तसंच गार राहिलं. खरा दोष काचेचा असतो, कारण काचेतून उष्णता झरझर बाहेर जाते.

हिशेबच मांडून बघा. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेची पेटी धरली, तर सहाही बाजूंचं मिळून क्षेत्रफळ सुमारे ३.७ चौरस मीटर होतं. साध्या काचेच्या एका चौरस मीटरमधून, आतल्या-बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असेल तर, साधारण साडेपाच वॅट उष्णता निसटते. खोली १२ अंश आणि पेटीतली सरासरी २४ अंश ठेवायची असेल तर फरक १२ अंशांचा. म्हणजे जवळपास २४० वॅट सतत बाहेर चालले. हवेच्या झरोक्यांतून जाणारी उष्णता आणखी वेगळी.

आता मागची बाजू, दोन्ही कडा, तळ आणि छताचा दिव्याव्यतिरिक्तचा भाग यांना बाहेरून २५ मिलिमीटर जाडीचा थर्मोकोल लावा. त्या पृष्ठभागांतून जाणारी उष्णता साधारण पाचव्या हिश्शावर येते. पूर्ण पेटीची गळती २४० वरून ९० वॅटच्या आत. थर्मोकोलच्या शीटला लागणारे पैसे एका चांगल्या बल्बपेक्षा कमीच असतात आणि वीजबिल दर महिन्याला हलकं होतं.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. उरलेल्या गळतीतली अर्ध्याहून जास्त एकट्या पुढच्या काचेतून होते. दिवसा ती झाकता येत नाही, पण रात्री येते. माझ्याकडे आजीच्या हातची जुनी सुती गोधडी आहे. दिवे मालवले की ती पुढच्या काचेवर सोडतो. खोली १२ आणि पेटी २० अंश असताना उघड्या काचेच्या पेटीला सुमारे १६० वॅट लागले असते. थर्मोकोल लावल्यावर साठेक आणि वर गोधडी सोडली की चाळीसच्या आसपास.

थर्मोकोल नेहमी बाहेरून लावा. आत लावला तर रातकिडे तो कुरतडतात आणि ते कण प्राण्याच्या पोटात जातात. दिव्यापासून आणि सिरॅमिक एमिटरच्या (रात्री ऊब देणाऱ्या साधनाच्या) होल्डरपासून तो किमान एक वीत लांब हवा, कारण थर्मोकोल वितळतो आणि पेटही घेतो. हाच नियम गोधडीला. ती फक्त पुढच्या काचेवर, छतावर कधीही नाही. हवेचे झरोकेही बुजवायचे नाहीत. कोंडलेल्या दमट हवेत फुफ्फुसाचे आजार होतात. मात्र पेटीचं पूर्ण छत जाळीचं असेल तर गरम हवा धुराड्यातून जावी तशी वर निघून जाते. त्या जाळीचा अर्धा-पाऊण भाग सिमेंट फायबर बोर्डासारख्या न जळणाऱ्या पत्र्याने झाका.

सुताराकडून पेटी करून घेणार असाल तर १८ मिलिमीटर प्लायवूडची करा आणि पुढे सरकती काच बसवा. प्लाय काचेपेक्षा बरीच कमी उष्णता सोडतो. तरीही मागे थर्मोकोल लावलेला बरा.

जागेबद्दल थोडक्यात. पेटी शहाबादी फरशीवर थेट ठेवू नये. दोन-अडीच फूट उंच टेबलावर, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सोडून आणि खिडकीपासून दूर ठेवावी. खिडकीतून येणारं हिवाळ्यातलं ऊन छान दिसतं, पण ड्रॅगनला लागणारे उन्हातले अल्ट्राव्हायोलेट-बी किरण काचेतून आत येत नाहीत. शिवाय दुपारी तासाभरात पेटीची भट्टी होऊ शकते.

उष्णता कशाने द्यायची

दिवसासाठी हॅलोजन. पार-३८ आकाराचा ७५ ते १०० वॅटचा, मोठ्या कोनात प्रकाश टाकणारा हॅलोजन पेटीच्या एका टोकाला वरून लावा. सूर्यासारखीच त्याची उष्णता कातडीच्या आतपर्यंत पोचते. एलईडी दिव्याने अंग तापत नाही. ऊन खायची जागा म्हणून सपाट, जड दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवा. तो तापतो आणि दिवा गेल्यावरही थोडा वेळ ऊब धरून ठेवतो. दिवा आणि दगड यांच्यातलं अंतर तीसेक सेंटिमीटरपासून सुरू करा. नंतर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजत वर-खाली करा. अल्ट्राव्हायोलेट-बीची नळी वेगळी लागतेच आणि ती हिवाळ्यातही रोज दहा-बारा तास चालू हवी.

रात्रीसाठी सिरॅमिक एमिटर. हा प्रकाश न देता फक्त उष्णता देतो. वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे थर्मोकोल लावलेल्या चार फुटी पेटीला ६० वॅट जेमतेम पुरतात, म्हणून मी १०० वॅटचा घेतो आणि थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान बघून वीज कमी-जास्त किंवा बंद करणाऱ्या यंत्रावर, चालवतो. कडाक्याच्या रात्रीसाठी थोडी जादा ताकद हाताशी असलेली बरी. एमिटरचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर जातो. प्लास्टिकचा होल्डर त्याखाली वितळतो, म्हणून चिनी मातीचाच होल्डर आणि उष्णता सोसणारी वायर वापरा. भोवती जाळीचा पिंजरा अनिवार्य. ड्रॅगन उड्या मारतो, साप वेटोळं घालून चढतो, आणि गरम पृष्ठभागावर चटका बसत असतानाही हे प्राणी लगेच बाजूला होत नाहीत.

लाल किंवा निळे 'रात्रीचे' बल्ब घेऊ नका. या प्राण्यांना तो प्रकाश दिसतो आणि झोप मोडते. तळाखाली लावायची उष्णतेची चटई पोट तापवते, हवा नाही. गारठलेल्या खोलीत ती एकटी कामाची नाही आणि थर्मोस्टॅटशिवाय तर धोक्याचीच. वीज जोडलेले 'गरम दगड' दुकानात दिसतील, ते कितीही स्वस्त असोत, आणू नका. एकाच जागी जास्त तापून पोट भाजल्याची प्रकरणं डॉक्टरांना नेहमीची आहेत. रूम हीटरने सगळी खोली तापवण्याचा विचारही सोडून द्या. एक किलोवॅटचा हीटर आठ तास चालला तर आठ युनिट जळतात. नीट झाकलेल्या पेटीला दिवस-रात्र मिळून दोन युनिटच्या आसपास पुरतात.

थर्मोस्टॅट आणि प्रोबची जागा

उष्णतेचं कुठलंही साधन थर्मोस्टॅटशिवाय चालवू नये. रात्रीच्या एमिटरला चालू-बंद करणारा साधा थर्मोस्टॅट चालतो. २० अंशांवर लावला आणि फरक एक अंशाचा ठेवला तर तो १९ ला सुरू होतो, २० ला बंद. हॅलोजनला मात्र प्रकाश हळूहळू कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅट लागतो. चालू-बंदच्या प्रकारावर दिवा दिवसभर लुकलुकतो, प्राणी बिचकतो आणि बल्बही लवकर जातो.

थर्मोस्टॅट कितीही चांगला असो, तो प्रोब सांगेल तेच मानतो. म्हणून इथे वेळ द्या. रात्रीच्या एमिटरचा प्रोब उबदार अर्ध्या भागात, प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर हवा. एमिटरच्या थेट खाली ठेवला तर तो लवकर तापतो, थर्मोस्टॅट लवकर बंद होतो आणि पेटी गारच राहते. गार कोपऱ्यात ठेवला तर उलट होतं, उबदार बाजू भाजून निघते. हॅलोजनचा प्रोब ऊन खायच्या दगडाच्या कडेला. दोन्ही प्रोब केबल टायने किंवा क्लिपने पक्के बांधा. चिकटपट्टी वापरू नका. ती सुटून अंगाला चिकटली तर सापाची कातडी सोलली जाते. आणि प्राण्याने ओढून प्रोब पेटीबाहेर गारठ्यात पडला तर थर्मोस्टॅटला पेटी थंड आहे असंच वाटत राहतं आणि एमिटर रात्रभर पेटलेला राहतो. म्हणून रोज झोपण्याआधी प्रोबला हात लावून बघतो. त्याशिवाय पेटीत वेगळा कमाल-किमान थर्मामीटरही ठेवा. सकाळी उठल्यावर रात्रीचे दोन्ही आकडे बघायचे आणि वहीत लिहायचे.

विजेच्या बाजूने: सगळं एकाच एक्स्टेन्शनवर लोंबकळू देऊ नका. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. प्लगकडे येणाऱ्या वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी ओघळलं तर ते प्लगमध्ये न जाता झोळावरून खाली टपकेल.

हे सगळं जोडून झाल्यावर प्राणी लगेच आत सोडू नका. दोन दिवस आणि दोन रात्री रिकामी पेटी चालवा. पहाटे सहाला उठून चार जागा मोजा: दगड, उबदार बाजूचा तळ, गार बाजूचा तळ, लपायची जागा. आकडे बसले की मगच प्राणी आत.

हिवाळ्यातलं खाणं-पिणं

माझ्या चुकीतून शिकलेली गोष्ट: खाऊ सकाळी द्यावा. दिवा लागून तासभर झाला, प्राण्याने ऊन खाल्लं की रातकिडे आणि पालेभाजी द्यावी. त्यानंतर दिवा मालवेपर्यंत किमान पाच-सहा तास हाताशी हवेत. संध्याकाळी खाऊ नको. ज्या दिवशी वीज नाही किंवा तापमान बसलेलं नाही त्या दिवशी उपास घडला तरी चालतो. धडधाकट मोठ्या ड्रॅगनला एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने काही होत नाही, पण गार पोटात अन्न सडलं तर जिवावर बेततं. सापांच्या बाबतीत तर ते खाल्लेलं उलटून टाकतात.

हिवाळ्यात हवा कोरडी असते, त्यात एमिटर ती आणखी कोरडी करतो. ड्रॅगनला ३० ते ४० टक्के आर्द्रता पुरते. बॉल पायथनला ५० ते ६० टक्के हवी, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. पायथनच्या पेटीतलं पाण्याचं मोठं भांडं उबदार बाजूकडे सरकवा.

मोठे ड्रॅगन हिवाळ्यात आपणहून मंदावतात, कमी खातात, तासन्‌तास लपून बसतात. हे नैसर्गिक असू शकतं. पण नाकातोंडाशी बुडबुडे, श्वास घेताना घरघर, दिव्यापासून दूर असतानाही तोंड उघडं, वजन उतरणं यांपैकी काही दिसलं तर डॉक्टर गाठा. दिव्याखाली बसून तोंड उघडणं वेगळं, ते अंगातली जादा उष्णता टाकण्यासाठी असतं. वजन दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा आणि त्याच वहीत लिहा.

पाणकासव असेल तर

लाल कानाची कासवं आपल्याकडे खूप घरांत आहेत आणि बहुतेकांच्या टाकीत हिवाळ्यात साधं नळाचं पाणी असतं. हे कासवाला सोसत नाही. पाणी २४ ते २६ अंश आणि वर बसायच्या फळीवर ३२ ते ३५ अंश हवेत. मत्स्यालयाचा थर्मोस्टॅटवाला हीटर लिटरमागे एक वॅट या हिशेबाने घ्या, खोली फार गार असेल तर दीडपट. हीटरला प्लास्टिकचा पिंजरा हवाच, कासवं धडका देऊन काच फोडतात. पाणी बदलण्याआधी प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर आला की तडकतो. हे कासव सांभाळणं जड वाटलं तरी नदी-तळ्यात सोडू नका. ते परदेशी आहे आणि इथल्या कासवांची जागा आणि खाद्य हिसकावतं.

वीज गेली तर

वीज गेल्याची तयारी नोव्हेंबरातच करून ठेवा. घरी १५० अँपिअर-अवरची बॅटरी असलेला इन्व्हर्टर असेल तर त्यात कागदोपत्री १८०० वॅट-तास असतात. प्रत्यक्षात हजारभर मिळतात असं धरा. घरातले बाकी दिवे बंद ठेवले तर ६० वॅटचा एमिटर त्यावर रात्र काढू शकतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा, चौकोनी लहरीवर डिमिंग थर्मोस्टॅट बिघडतात.

इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याच्या रबरी पिशव्या. दोन लिटर पाणी ६० वरून २५ अंशांवर येताना साधारण ८० वॅट-तास उष्णता देतं. म्हणजे ६० वॅटचा एमिटर सव्वा तास चालल्यासारखं. पिशवी जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीच्या एका टोकाला ठेवा, प्राण्याच्या अंगाला लागून नको. सगळ्या बाजूंनी गोधडी पांघरा. एमिटर, दिवा सगळं बंद असतानाच हे करायचं, आणि वीज आली की गोधडी आधी काढायची. वीज लांबणार असेल तर प्राणी छोट्या थर्मोकोलच्या खोक्यात हलवा. झाकणाला पेनाने सहा-सात भोकं पाडा. लहान जागा थोड्या उबेत तापते.

प्राणी गारठून निपचित पडलेला सापडला तर घाई करू नका. गरम पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायर मारणं, थेट दिव्याखाली ठेवणं, तिन्ही घातक. आधी २४-२५ अंशांच्या हवेत ठेवा. तासाभरात हालचाल आली की ऊन खायची जागा सुरू करा. पुढचा दिवसभर खाऊ नाही, फक्त पाणी. तासाभराने काहीच हालचाल नसेल तर त्याच उबदार खोक्यातून डॉक्टरांकडे.

फेब्रुवारी संपता संपता दुपारी पारा ३४-३५ वर जायला लागला की छताचा आणि मागचा थर्मोकोल काढून ठेवा. जी पेटी जानेवारीत ऊब धरून ठेवते, तीच मार्चमध्ये प्राण्याला भाजू शकते. गार टोक दुपारी २८ च्या वर जायला लागलं तर हॅलोजन ५० वॅटचा करा आणि दिवसा एमिटरचा प्लग काढून ठेवा. पहाटेचा किमान आकडा सलग आठवडाभर १८ च्या वर राहिला की मग रात्रीचाही काढा.